पाण्याखालची पाती

माझ्या थोरल्या साडूंनी मला फसवलं. पैशात नाही. पैसे मला पूर्ण मिळाले, आणि म्हणूनच घरात माझं गाऱ्हाणं कोणी ऐकून घेत नाही. त्यांनी मला बोटीत फसवलं. भोपाळच्या मोठ्या तलावात आमची दोघांची मिळून एक शिडाची बोट होती, निम्मी त्यांची, निम्मी माझी. ती माझ्या हातात चालतच नाही, असं त्यांनी मला हंगामभर वाटू दिलं, आणि शेवटी मी माझा हिस्सा सोडून दिला. ती का चालत नव्हती, हे त्यांना सगळा वेळ माहीत होतं.

साडू सरकारी कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले इंजिनिअर. मूळचे पुण्याचे. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांच्या मराठीला हिंदीचा वारा लागलेला नाही. माझे वडील कारकून. नागपूरची कचेरी भोपाळला हलली तेव्हा फायलींबरोबर तेही हलले. मी शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. शाळेत हिंदी, घरात वऱ्हाडी, आणि धंद्यात समोरच्याला कळेल ती भाषा. आधी पंपांच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळायला शिकलो, मग पंप दुरुस्त करायला, मग हबीबगंजला स्वतःचं पंपांचं दुकान टाकलं. सासरी अजूनही माझी ओळख करून देतात ती 'धाकटे जावई, पंपवाले' अशी. साडू मला शेठ म्हणतात. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो.

बोटीची कल्पना त्यांची, सौदा माझा. नोकरीत असतानाच ते क्लबात छोट्या बोटी चालवायला शिकले होते. मी शिकलो पन्नाशी उलटल्यावर. लहानपणी वडिलांबरोबर तलावाच्या काठावर शेंगा खात बसायचो, तेव्हा पाण्यावर पांढरी शिडं दिसायची. 'ती साहेब लोकांची,' वडील म्हणायचे, आणि टरफलं कागदात गुंडाळून खिशात ठेवायचे. मुंबईच्या एका माणसाला त्याची जुनी पंचवीस फुटी यॉट विकायची आहे, असं साडू म्हणाले, तेव्हा मी जास्त विचार केला नाही. मुंबईला जाऊन भाव मी केला. मालकाने आधी हात जोडले, मग डोक्याला लावले, शेवटी मिळवले. बोट ट्रेलरवरून भोपाळला आली. रविवार साडूंना हवा होता म्हणून शनिवार माझा झाला.

त्या वर्षांत तलावात इंजिनाला परवानगी होती. बोटीच्या पोटात छोटं डिझेल इंजिन होतं. त्यावर धक्क्यापासून निघायचं, मोकळ्या पाण्यात आलं की इंजिन बंद करून शिडावर जायचं. परत येताना उलट. पहिला हंगाम चांगला गेला. मी फार वेगाने जात नव्हतो, पण साडूही जात नव्हते.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून ठेवली होती. साडू माझ्या दुकानात आले. ते सहसा येत नाहीत. ग्रीसचा वास त्यांना सहन होत नाही, असं ताई, म्हणजे माझी मेव्हणी, सांगते.

"शेठ, बोटीचा पंखा बदलू या," ते म्हणाले. प्रोपेलरला आमच्याकडे सगळे पंखाच म्हणतात.

"का? पाती वाकली?"

"नाही हो. पण इंजिन बंद केलं की तो पाण्यात अडून बसतो. शिडावर जाताना हँडब्रेक ओढून गाडी चालवल्यासारखं होतं. आता नवीन प्रकारचे पंखे निघालेत. त्यांची पाती जागच्या जागी वळतात. इंजिन चालू असलं की पाणी ढकलतात. बंद केलं की वळून पाण्याकडे धार करतात."

त्यांनी हात पुढे करून दाखवलं. तळहात समोर धरून पाण्यातून नेला तर हात अडतो, तोच कडेवर केला की सुरीसारखा जातो. मी पंपातली चाकं हाताळत म्हातारा झालेला माणूस, मला ते लगेच पटलं.

"आणि ही पाती वळतात कशी? आपोआप?"

"आपोआप," साडू म्हणाले.

हा शब्द मी विसरलेलो नाही.

मला तेव्हा संशय आला तो भलताच. वाटलं, यात त्यांचं काही कमिशन आहे. म्हणून मी मुंबईच्या विक्रेत्याला स्वतः फोन लावला, उलटसुलट विचारलं, भाव पाडला. कमिशन नव्हतं. साडूंनी त्याला फक्त माहिती विचारली होती, आणि तीही खूप बारकाईने. विक्रेता म्हणाला, "तुमच्या पार्टनरसाहेबांना मी सगळं समजावलंय, कसा वापरायचा वगैरे." मी म्हटलं, मग झालं तर.

पंखा बसवला तो नेमका रब्बीच्या तोंडावर. त्या दिवसांत माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. विदिशा, रायसेनपासूनचे शेतकरी पंप न्यायला येतात आणि गल्ल्यावर मीच बसावं लागतं. साडूंना हे माहीत आहे. त्यांनी तोच आठवडा धरला. मी म्हटलं, थांबा, मी येतो. निरोप आला, 'तुम्ही धंदा सांभाळा शेठ, इथे मी आहे.'

पहिल्या शनिवारी मी बायकोला घेऊन निघालो. थर्मास, पोहे, तिची टोपी. मोकळ्या पाण्यात आल्यावर मी इंजिन बंद केलं, शीड चढवलं, सुकाणू धरलं. पश्चिमेचा वारा छान होता. बोट मात्र चिखलात रुतल्यासारखी चालली.

"अहो, ती शाळेची पोरं हात करतायत," बायको म्हणाली. एवढ्या एवढ्या बोटी घेऊन ती पोरं आम्हाला मागे टाकून चालली होती.

"हात करत नाहीत. हसतायत."

"आणि हा आवाज कसला? इंजिन बंद केलंत ना?"

"केलं."

पायाखालून एक घुर्र आवाज येत होता, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. नवा पंखा आहे, बसायला वेळ लागेल, असं मी तिला सांगितलं. माझं मलाच ते पटलं नाही.

इथे इंजिन बंद करण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या धंद्यात भार असताना डिझेल इंजिन बंद करणं हा अडाणीपणा समजतात. शेतकऱ्याला पंप विकला की मी पहिलं हेच बजावतो: आधी भार सोड, मग इंजिन थांबव. जीप असो, ट्रॅक्टर असो, न्यूट्रल करूनच चावी. बोटीतही मी तसंच करायचो. गिअरचा दांडा मधोमध, इंजिनला जरा दम खाऊ द्यायचा, मग बंद. मुंबईहून बोट आली तेव्हा साडूंनी हे शेजारी उभं राहून पाहिलं होतं. "शेठ, किती मायेने बंद करता हो इंजिन," असं म्हणालेही होते. म्हणजे मी न्यूट्रल करतो हे त्यांना माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी काठावरच्या रस्त्यावर गाडी लावून पाहत बसलो. साडूंची बोट, म्हणजे आमचीच बोट, पाणी कापत निघाली. तोच तलाव, आदल्या दिवशीपेक्षा वारा कमीच. पलीकडे वनविहारच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली. मी दोन पेरू खाईपर्यंत परत आलीसुद्धा.

मी सरळ माणूस आहे, पण बाजारात वाढलोय. कोणी जास्त गोड बोललं की मी वजनकाट्याखाली बघतो. मी शोध सुरू केला. रविवारी वेगळं, चांगलं शीड लावतात का, म्हणून मी शिडाच्या कोपऱ्यावर बारीक रेघ ओढून ठेवली. रविवारी दुर्बिणीतून पाहिली, शीड तेच. माझ्या दिवशी बोटीत काही वजन ठेवतात का, म्हणून फळ्या उचलून पाहिल्या. काही नाही. बोटीच्या तळाला बादली बांधली तर बोट ओढ खाते, असं क्लबातल्या एकाने गमतीत सांगितलं. मी ते गमतीत घेतलं नाही. धक्क्याला बोट बांधलेली असताना एका पोहणाऱ्या मासेवाल्याला खाली पाठवलं.

तो वर आला, नाक शिंकरलं. "कुछ नहीं बंधा है, साहब. पंखा लगा है, बस."

"पंखा कैसा है?"

"पंखे जैसा है."

पुढच्या वेळी मी साडूंना सरळ विचारलं. क्लबच्या पायऱ्यांवर त्यांचे तीन-चार दोस्त बसले होते, पोहे-जिलेबी चालू होती.

"साडूभाऊ, माझ्या हातात बोट का चालत नाही? चिखलात चालल्यासारखी चालते. खालून घुर्र घुर्र आवाज येतो."

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला. घाई कसलीच नाही.

"शेठ, वारा आहे तो," ते म्हणाले. "त्याच्याशी घासाघीस चालत नाही."

सगळे हसले. मीही हसलो, कारण चारचौघांत न हसणारा माणूस आणखी लहान होतो. पण मी त्यांच्याकडे पाहत होतो. सगळे हसत असताना ते हसत नव्हते. जिलेबीचा तुकडा मोडून त्याचा पाक निथळू देत होते.

मी म्हटलं, मला एकदा तुमच्याबरोबर न्या. नाही म्हणायला जागा नव्हती. धक्क्यापासून निघालो, इंजिन त्यांच्या हातात. मोकळ्या पाण्यात आल्यावर म्हणाले, "पुढे जा शेठ, आज शीड तुम्ही चढवा." मी पुढे गेलो. दोरी ओढताना पाठ त्यांच्याकडे. शीड भरलं, मी मागे आलो, तेव्हा इंजिन बंद होतं आणि बोट लोण्यातून जावी तशी निघाली होती. गिअरचा दांडा त्यांच्या गुडघ्यामागे. तो दिसावा म्हणून मी वाकलो असतो तर त्यांच्या मांडीवरच पडलो असतो.

"आज खालून आवाज येत नाही," मी म्हटलं.

"कसला आवाज?"

"माझ्या वेळी येतो तो. मी तुम्हाला पायऱ्यांवर बोललो होतो."

"अस्सं?" ते म्हणाले, आणि तलावाकडे पाहू लागले.

अस्सं. आयुष्यभर मोठमोठी यंत्रं बसवलेल्या इंजिनिअरला एखाद्याने आवाज येतो म्हणून सांगितलं, तर तो पहिलं काय विचारतो? कुठून येतो, केव्हा येतो, कसा येतो. माझ्या दुकानात आलेल्या शेतकऱ्याला मी हेच विचारतो. साडूंनी काहीच विचारलं नाही.

हिवाळ्यात क्लबच्या आपसातल्या शर्यती झाल्या. मी प्रत्येक शर्यतीत शेवटी. लोक आधी हसायचे, नंतर माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले, ते जास्त लागलं. एका शनिवारी मी गेलोच नाही. मग दुसऱ्याही. दुकानात कोणाशी तरी विनाकारण भांडलो. बायको म्हणाली, "जाऊ द्या हो. प्रत्येकाला सगळंच कुठे येतं?" ती प्रेमाने बोलली, पण माझ्या मनात शेंगांची टरफलं गुंडाळणारा हात आला. मला वाटायला लागलं की वडिलांचंच खरं असावं. त्या पाण्यात आमचं काही नाही.

तेवढ्यात साडू घरी आले. त्यांचे कारखान्यातले जुने सहकारी, तेही निवृत्त, तेही पुण्याकडचे, त्यांना बोटीत हिस्सा हवा होता. "तुम्हाला जड जातंय, असं दिसतंय मला," साडू म्हणाले. "उगाच ओझं कशाला?" मी रागाने जरा चढाच भाव सांगितला. ते म्हणाले, "मान्य." आयुष्यात मी सांगितलेल्या पहिल्या भावाला कोणी हो म्हटलेलं नव्हतं. मी चहाचा कप हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिलो. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. बोट गेली.

पुढे तलावात डिझेल इंजिनं बंद झाली. आता बोट नुसत्या शिडावर चालते आणि साडूंनी तो पंखा काढून, घासूनपुसून, अरेरा कॉलनीतल्या घरी दिवाणखान्यात मांडून ठेवला आहे. पितळेचा, चकचकीत. आल्या-गेल्याला दाखवतात.

सासूबाई त्यांच्याकडेच असतात. गेल्या वर्षी तिथे त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. घर माणसांनी भरलेलं, आतून तुपाचा वास. मी एका बाजूला त्या पंख्याजवळ उभा होतो. बसवला तेव्हा मी नव्हतो, नंतर तो कायम पाण्याखाली. इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. साडूंचे नवे भागीदार आले. दिलखुलास माणूस, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

"काय सुंदर वस्तू आहे नाही?" ते म्हणाले. "हे बघा, पाती अशी वळतात." त्यांनी बोटाने पातं फिरवलं. ते अलगद कडेवर आलं. "फक्त एक करावं लागायचं. इंजिन थांबवलं की गिअर रिव्हर्सला टाकून ठेवायचा. म्हणजे पंख्याचा आस फिरायचा थांबतो आणि पाती वळतात. न्यूट्रलला ठेवला तर पाण्याच्या रेट्याने पंखा आपला फिरतच राहतो, पाती उघडीच्या उघडी. मग बसा बोंबलत."

"म्हणजे आपोआप होत नाही?"

"छे. यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं ना. म्हणाले, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, इंजिन बंद झाल्यावर हा दांडा मागे ओढायला विसरू नका. नाहीतर बोट चिखलात चालल्यासारखी चालते आणि खालून घुर्र घुर्र आवाज येतो."

चिखल हा शब्द माझा होता. घुर्र हा आवाज माझा होता. साडूंच्या हातात ती बोट चिखलात कधी चाललीच नव्हती. त्यांना ते कुठून कळणार? पायऱ्यांवर मी सांगितलेलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उचलून दुसऱ्याला धडा म्हणून दिलं होतं. म्हणजे मी विचारलं तेव्हाच त्यांना रोग कळला होता. औषध त्यांनी दुसऱ्याला दिलं.

साडू स्वयंपाकघराच्या दाराशी उपरणं सावरत उभे होते. मी तिथे गेलो.

"साडूभाऊ, गिअर मागे टाकायचा असतो, हे मला का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून दिवाणखान्यात पाहिलं. पंख्याकडे, मग भागीदाराकडे.

"शेठ, तुम्ही मशिनरीतले. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मी विचारलं होतं. पायऱ्यांवर विचारलं. बोटीत विचारलं."

"आज नको," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आईंचा दिवस आहे."

तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "दोन्ही जावई इकडे या बरं." आम्ही पाटावर शेजारी शेजारी बसलो. आधी थोरल्याला ओवाळलं, मग मला. त्यांना आता कमी ऐकू येतं. दोघांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "असेच एकत्र राहा रे." कोणीतरी फोटो काढला. त्यात साडू प्रसन्न दिसतात आणि मी दात दुखत असल्यासारखा.

घरी जाताना गाडीत बायको म्हणाली, "एका दांड्यावरून ताईच्या घराशी वाकडं घ्यायचं का?"

"ताईशी नाही."

"भाऊजी विसरले असतील सांगायला."

"भागीदाराला पहिल्या दिवशी सांगायला विसरले नाहीत."

"पैसे तर सगळे दिले ना त्यांनी? उलट जास्तच दिले."

"म्हणूनच दिले."

तिने गाडीची काच खाली केली. मग म्हणाली, "चिखल तुम्हीच म्हणाला होतात. मला आठवतंय. पण आता बोलू नका."

मी गप्प बसलो. दसऱ्याला साडू आपट्याची पानं घेऊन आले, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, गेले. दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे गेलो, त्यांनी चिवडा वाढला. माझ्याशी एकटं पडायची वेळ आली की त्यांना फोन येतो किंवा कुणाला तरी सोडायला फाटकापर्यंत जायचं असतं. क्लबात माझी ओळख अजून तीच आहे: पंपवाले शेठ, हौसेने बोट घेतली होती, जमली नाही.

म्हणून हे लिहितो आहे, आणि साडूभाऊ, तुम्ही वाचणार आहात हे मला माहीत आहे. बोट परत द्या, असं मी म्हणत नाही. हिशेब पूर्ण झाला आहे, तो मी उकरणार नाही. पण माझा हात वाईट नव्हता, आणि ते तुम्हाला माहीत होतं. शनिवारमागून शनिवार मला मान खाली घालून धक्क्याला परत येताना तुम्ही पाहिलंत. एक वाक्य बोलला असता तर ते थांबलं असतं. ते वाक्य तुम्ही तुमच्या माणसासाठी राखून ठेवलंत. बोटीत शेजारी तुमच्यासारखं बोलणारा हवा होता, तर तसं तोंडावर सांगायचं होतं. मी भांडलो असतो, पण समजलो असतो. की मी पुढे गेलो असतो तर सहन झालं नसतं, हे कारण? काय असेल ते असो. ज्या पायऱ्यांवर तुम्ही माझं हसं केलंत, तिथेच, त्याच लोकांसमोर, तुमच्या भागीदारासमोर आणि दोघी बहिणींसमोर तुम्ही सांगायचं की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प राहिलात. आणि का, तेही सांगायचं. तुम्ही 'आज नको' म्हणालात ते मी ऐकलं. मग केव्हा, तो दिवस तुम्ही ठरवा आणि मला कळवा.